पोर्ट ५३ वर कोण बसलंय?

रात्रीचे साडेअकरा. हे टर्मिनल दिसतंय ना, त्यावर तासभर एकच ओळ येतीये, नो सर्व्हर्स कुड बी रीच्ड. साधा उबुंटू (लिनक्स) डेस्कटॉप, त्यावर डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्या कंटेनरमध्ये पाय-होल, जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी व्यवस्था, घरभरच्या मोबाईल-टीव्हीच्या जाहिराती तिथंच अडवायच्या असा बेत.

पहिली भानगड लगेच कळली होती. कंटेनर सुरूच होईना, पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचे प्रश्न येतात ते दार, आधीच वापरात आहे म्हणे. उबुंटूत सिस्टिमडी-रिझॉल्व्ड नावाची, पीसीचे स्वतःचे डीएनएस प्रश्न बघणारी सर्व्हिस १२७.०.०.५३ या पीसीच्या आतल्या पत्त्यावर ठाण मांडून असते. बहुतेक जण सांगतात तिचा स्टब लिसनर, म्हणजे त्या पत्त्यावर ऐकत बसलेला भाग, बंद करा, चालतं तसं, पण मग रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या, डीएनएस कुणाला विचारायचं ते सांगणाऱ्या फाईलची लिंकपण बदलावी लागते, ती विसरलात की डेस्कटॉपचंच नेट बंद आणि उपाय शोधायलाही नेट नाही. मी त्यापेक्षा पोर्ट पब्लिश करताना, म्हणजे कंटेनरचं दार बाहेरच्यांसाठी उघडताना, त्याच्या आधी पीसीचा लॅनवरचा (घरच्या नेटवर्कवरचा) पत्ता लावला, १९२.१६८.१.१०. दोघं दोन पत्त्यांवर, भांडण मिटलं.

कंटेनर चालू झाला. उत्तर मात्र नाही.

कंटेनरच्या आत शिरून डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड मारली तर पाय-होल पटकन उत्तर देतंय, बाहेरून मारली की शुकशुकाट. फायरवॉल बंद करून बघितला, कंटेनर तीनदा पाडून उभा केला, कॉन्फिग फाईल पाठ व्हायची वेळ आली. नेटवर प्रश्न पाठवायच्या दोन पद्धती, टीसीपी आणि यूडीपी; शेवटी वैतागून डिगला टीसीपीनं विचारायला लावलं आणि धाडकन उत्तर! मग डॉकर पीएस, म्हणजे चालू कंटेनरांची यादी, नीट वाचलं, तिथं तासभर समोरच लिहिलेलं होतं, ५३ स्लॅश टीसीपी. पोर्ट पब्लिश करताना काही सांगितलं नाही तर डॉकर फक्त टीसीपी उघडतो, आणि डीएनएसचे प्रश्न १९८७ च्या आरएफसी १०३५ या डीएनएसच्या नियमपत्रापासून मुख्यतः यूडीपीवर जातात, टीसीपी लागतो तो उत्तर मोठं झालं की. म्हणजे दार उघडं होतं, पण भलतंच.

मग आणखी एक ओळ, शेवटी स्लॅश यूडीपी. मोबाईलवर जाहिराती गायब, घरच्यांना फरकही कळला नाही.

दोन दिवसांनी लाईट गेली. पीसी परत चालू केला तर राउटरनं त्याला १९२.१६८.१.१४ दिला, कंटेनर म्हणतोय हा पत्ता माझ्याकडे नाहीच, आणि घरातून आवाज, नेट का बंद आहे रे?