‘आमच्याकडे सोय नाही’

(दिव्यांग मुलांच्या पालकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

हे वाक्य इथं बसलेल्या बहुतेक आईबाबांनी ऐकलंय. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर पुरता ताबा नाही. चौथीपर्यंत त्याचा वर्ग तळमजल्यावर होता, पाचवीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. शाळेनं सांगितलं, लिफ्ट नाही, आमच्याकडे सोय नाही, तुम्ही दुसरी शाळा बघा. मी मुकाट्यानं घरी आले आणि खरोखरच दुसऱ्या शाळांचे फॉर्म आणायला लागले. आपल्याला लिफ्ट नकोच आहे, हे कळायला मला दोन महिने लागले. त्याची तुकडी खाली आणायची आणि खालची एक तुकडी वर न्यायची, एवढंच करायचं होतं. पुढे ते झालं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर शिपाईदादांनी बाकं हलवली. खर्च शून्य.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा, लागू झाला 19 एप्रिल 2017 रोजी. त्याचं कलम 16 तुम्ही आज वहीत लिहून घ्या. शाळा सरकारी असो, अनुदानित असो की विनाअनुदानित. तिला सरकारी मान्यता असेल, तर भेदभाव न करता प्रवेश देणं, इमारतीत मुलाला वावरता येईल असं करणं आणि त्या एका मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं हे शाळेचं कर्तव्य आहे. म्हणजे ‘सोय नाही’ हे प्रवेश नाकारायचं कारण होऊच शकत नाही. शाळा जे करायला बांधील आहे ते तिनं केलेलं नाही, याची ती कबुली आहे. ‘वाजवी’ या शब्दाची मर्यादा मला मान्य आहे. शाळेवर अवाजवी बोजा पडेल असं काही कायदा मागत नाही. पण खालचा वर्ग, पहिला बाक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला प्रार्थनेच्या वेळी वर्गात बसू देणं, यात बोजा कसला?

आता टक्क्यांबद्दल. इथं आपली फार फसगत होते. एक आई मला भेटली. मुलाच्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 35 टक्के. शाळेनं सांगितलं, चाळीसच्या आत आहे, काही मिळणार नाही. ती बिचारी प्रमाणपत्र घडी करून कपाटात ठेवून मोकळी झाली. नीट ऐका. 40 टक्के किंवा अधिक, ज्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात, ती अट काही ठराविक हक्कांना आहे. 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, तेही जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत, हे कलम 31, त्याला ती अट आहे. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागांनाही आहे. कलम 16 ला मात्र नाही. प्रवेश आणि वाजवी सोय यासाठी चाळीसचा आकडा कायद्यात लिहिलेलाच नाही. लेखनिकाबाबतही, म्हणजे परीक्षेत उमेदवार सांगेल ते लिहून देणाऱ्या मदतनिसाबाबतही, सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमधला दुसरा निकाल मला जास्त बोचतो. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अक्षमता, असलेली मुलगी नीटच्या परीक्षेला बसली. तिला जादा वेळ मिळायला हवा होता. केंद्रावरच्या लोकांना नियमच माहीत नव्हता, आणि तिचा पेपर इतरांबरोबर काढून घेतला. चूक परीक्षा घेणाऱ्यांची, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. म्हणून सांगते, तासाला किमान 20 मिनिटं जादा, हा नियम छापून मुलाबरोबर द्या आणि आदल्या दिवशी केंद्रसंचालकांना जाऊन भेटा. दहावीच्या सवलतींची धावपळ दहावीत सुरू करू नका. अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन, गणित शिकण्यातल्या अडचणीच्या) चाचण्या आणि प्रमाणपत्र यांत महिनोन्‌महिने जातात. आठवीतच सुरुवात करा.

घरी शिकवण्याबद्दल थोडं. 2012 च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्यात बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय आहे. पर्याय कोणाचा? मुलाचा. शाळेनं ‘याला घरीच ठेवा, आठवड्यातून एकदा विशेष शिक्षक येतील’ असं सुचवलं, तर ती निवड नाही, ते बाहेर काढणं आहे. विशेष शिक्षक अपुरे आहेत, मान्य. एकेका बाईंना कितीतरी शाळा फिराव्या लागतात. पण ती उणीव शासनानं भरून काढायची, आपल्या पोरानं घरी बसून नाही.

तर करायचं काय? तोंडी बोलू नका. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या: माझ्या मुलाला अमुक अडचण आहे, त्यासाठी अमुक सोय हवी, कलम 16 प्रमाणे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नकार दिला तर तो लेखी मागा. मी ‘हे मला लिहून द्या’ म्हटल्यावरच माझ्या मुलाचा वर्ग खाली आला, तोवर नाही. शाळा नाहीच बधली तर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी कार्यालयात जा. दिव्यांग मुलांचे प्रवेश आणि सोयी यासाठी तिथं एक समन्वय अधिकारी असायलाच हवा, असं 2017 चे नियम सांगतात. त्यांचं नाव विचारा. त्यानंतर पुण्याला, दिव्यांग आयुक्तांकडे. त्यांना साक्षीदार बोलावायचे, कागद मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांची शिफारस संबंधितांना मान्य नसेल, तर तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं.

अर्जाचा नमुना मराठीत करून आणलाय. चहा झाला की चार-चार जणांचे गट करू. ज्यांनी प्रमाणपत्रं आणलीत त्यांनी पुढे बसा. आणि ती 35 टक्केवाली आई आज इथं आलेली आहे, तिचा अर्ज सगळ्यांत आधी लिहू.