किल्ली फिरवण्याआधी : डिझेलच्या टाकीत गेलेलं पेट्रोल

(दृश्य : टाकीचं उघडं तोंड, आत नोझल. मीटरवरचे आकडे पळताहेत.)

आठ लिटर. नऊ. दहा. आणि तेवढ्यात नजर नोझलवरच्या अक्षरांवर जाते. गाडी डिझेलची आहे आणि आत चाललंय पेट्रोल.

नोझल थांबवा आणि गाडी आहे तिथेच राहू द्या. किल्ली फिरवायची नाही, स्टार्टचं बटण दाबायचं नाही, काच वर घ्यायलाही इग्निशन चालू करायचं नाही.

कारण या घडीला गाडीचं काहीच बिघडलेलं नाही. टाकीत पडून असलेलं पेट्रोल तिथे कुणाला धक्का लावत नाही. बिघाड सुरू होतो तो हे पेट्रोल टाकीतून निघून इंजिनाजवळच्या हाय प्रेशर पंपात पोहोचल्यावर. मध्ये आहे काही मीटरची नळी, एक फिल्टर आणि तुमच्या हातातली किल्ली. बऱ्याच गाड्यांत नुसतं इग्निशन चालू केलं तरी टाकीतली मोटर काही सेकंद फिरते आणि इंधन पुढे ढकलते. काही गाड्यांत तर दाराचं लॉक उघडल्यावर किंवा दार उघडल्यावरच ती फिरते. म्हणून विनाकारण लॉक-अनलॉकही करत बसू नका.

(दृश्य : दोन नोझल शेजारी शेजारी, एकावर व्हर्नियर कॅलिपर लावलेला.)

पेट्रोलच्या नोझलची नळी बाहेरून साधारण 21 मिलिमीटर जाड असते, डिझेलची 24 ते 25. डिझेल गाडीच्या टाकीचं तोंड या मोठ्या नळीच्या मापाचं असतं, त्यामुळे बारकी नळी त्यात अलगद जाते, कुठे अडत नाही. पेट्रोल गाडीचं तोंड अरुंद, त्यात डिझेलची नळी सहसा शिरत नाही. म्हणून ही चूक डिझेल गाड्यांच्याच वाट्याला जास्त येते. रंगावर विसंबण्यात अर्थ नाही : काही देशांत हिरवं नोझल पेट्रोलचं, तर काही देशांत तोच हिरवा रंग डिझेलचा. वाचायची ती अक्षरं. काही गाड्यांच्या टाकीच्या तोंडाशी दोन खिट्यांची झडप असते. जाड नळीने दोन्ही खिट्या एकदम दाबल्या गेल्या तरच ती उघडते. ज्यांच्या गाडीला ती नाही, त्यांनी मॉडेलप्रमाणे मिळत असेल तर जरूर बसवून घ्यावी.

(दृश्य : पांढरा कागद. एका बाजूला डिझेलचा थेंब, दुसऱ्या बाजूला पेट्रोलचा.)

आता या दोन थेंबांकडे पाहा. पेट्रोलचा डाग पसरला आणि बघता बघता उडूनही गेला. डिझेलचा डाग तेलकट आहे, तो तसाच राहणार. पुढचं सगळं प्रकरण या कागदावर आलं. डिझेल हे जळण आहे, तसंच ते तेलही आहे.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा पंधरा-सोळा पट दाबली जाते, ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. किती चटकन पेटतं, ते सिटेन क्रमांक सांगतो. युरोपीय मानकानुसार डिझेलचा सिटेन किमान 51 लागतो. पेट्रोलचा जेमतेम 10 ते 20, कारण आपोआप न पेटणं हाच तर पेट्रोलचा गुण. डिझेल इंजिनात ते उशिरा पेटतं, आणि पेटतं तेव्हा साठलेलं सगळं एकदम. आतून धाडधाड ठोके ऐकू येतात ते याचे. पण खरा घात ठोक्यांनी होत नाही, तो पंपात होतो.

(दृश्य : मधून कापलेला हाय प्रेशर पंप. कॅम, रोलर, प्लंजर.)

हा कॉमन रेलचा पंप. कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना, एकाच सामाईक नळीतून दाबाखाली इंधन पुरवणारी यंत्रणा. ती नळी म्हणजे रेल. यातला प्लंजर, म्हणजे इंधन दाबणारा दट्ट्या, आणि त्याचं घर यांच्यात फट असते अवघ्या काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन. एवढ्याशा फटीत बाहेरून वंगण घालणार कसं? म्हणून अशा बहुतेक पंपांत डिझेल हेच वंगण. 40 अंशांना डिझेलचा दाटपणा 2 ते 4.5 सेंटिस्टोक असतो, पेट्रोलचा सुमारे अर्धा सेंटिस्टोक. आणि पंपाला रेलमध्ये दाब तयार करायचा असतो 1600 ते 2000 बार, काही इंजिनांत 2500 पर्यंत. 2000 बार म्हणजे नखाएवढ्या जागेवर दोन टन वजन.

पेट्रोल आलं की तेलाचा पापुद्रा फाटतो. कॅमवर फिरणारा रोलर अडकतो, फिरायचा तो घासत जातो. पोलादावर पोलाद. त्यातून अतिशय बारीक, चमचमता धातूचा भुगा निघतो. तो रेलमध्ये जातो, इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत जातो आणि परतीच्या नळीने थेट टाकीत येतो. तिथून पुन्हा पुढे. एका पंपाचा बिघाड असा सगळ्या यंत्रणेचा होतो. मग पंप, रेल, इंजेक्टर, दाबाच्या नळ्या, सगळं बदलावं लागतं आणि टाकी धुवावी लागते. यातला एखादा जुना भाग पैसे वाचवायला ठेवला, तर त्यात राहिलेला भुगा नव्या पंपाचं वाटोळं करतो.

इथे कुणीतरी हमखास सांगतं, थोडं पेट्रोल चालतं, वरून डिझेल भरून टाका. हे आलं कुठून? जुन्या, प्री-चेंबरच्या (आधी छोट्या कप्प्यात इंधन पेटवणाऱ्या) काही इंजिनांच्या पुस्तिकांत कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून ठरावीक प्रमाणात पेट्रोल मिसळायची परवानगी असायची. त्यातल्या अनेक इनलाइन (प्लंजर एका ओळीत असलेल्या) पंपांना वंगण मिळायचं इंजिन ऑइलचं, आणि दाब आजच्या मानाने किरकोळ होते. कॉमन रेल प्रवासी गाड्यांत आली 1997 मध्ये, आणि तिथून हा सल्ला कालबाह्य झाला. 50 लिटरच्या टाकीत 5 लिटर पेट्रोल गेलं आणि टाकी काठोकाठ भरली, तरी 10 टक्के उरलंच. गाडी कदाचित धावेल, कुठलाही दिवा लागणार नाही, आणि पंप आतून घासत राहील. अमुक टक्क्यांपर्यंत बिनधोक, असा आकडा कॉमन रेलसाठी आम्ही देणार नाही. टाकी रिकामीच करायची.

डेन्सिटी मोजून खात्री करू, असंही काही जण म्हणतात. 0.835 घनतेच्या डिझेलमध्ये 10 टक्के पेट्रोल मिसळलं तर घनता येते साधारण 0.825. आणि युरोपीय मानकात निव्वळ डिझेललाही 0.820 ते 0.845 पर्यंत मुभा आहे. म्हणजे हायड्रोमीटर भेसळ दाखवणारच नाही. बाटली स्थिर ठेवूनही थर दिसणार नाहीत : पाणी तळाला बसतं, पेट्रोल डिझेलमध्ये पूर्ण विरघळतं.

(दृश्य : गाडी न्यूट्रलमध्ये, दोघे जण ढकलताहेत.)

तर पहिलं काम, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून बाजूला ढकलायची. ऑटोमॅटिक गिअर किंवा इलेक्ट्रिक हँडब्रेक सोडायला इग्निशन लागत असेल, तर ढकलायच्या नादी लागू नका. पेट्रोल पंपावरच्या माणसांना सांगा आणि सपाट ट्रकवर घालून न्यायची व्यवस्था करा. पावती जपून ठेवा. मेकॅनिकला चार गोष्टी हव्या असतात : पेट्रोल किती लिटर गेलं, आधी डिझेल किती होतं, इग्निशन चालू केलं का, आणि गाडी किती चालली. शेवटचं उत्तर लपवू नका. पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते.

गाडी रस्त्यावर आल्यानंतर कळलं तर? नळ्यांत आणि फिल्टरमध्ये आधीचं डिझेल असतं, त्यावर ती नेहमीसारखी चालू होते आणि थोडं अंतर नीट धावते. इथेच माणूस फसतो. मग ओढ कमी होते, खडखड वाढते, पांढुरका धूर येतो, इंजिनाचा दिवा लागतो. सुरक्षित जागा दिसताच थांबा, इंजिन बंद करा. बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून जागी करायला जाऊ नका. प्रत्येक फेऱ्याला तो पंप कोरडा घासतो.

काही डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या अ‍ॅडब्लूबद्दल एवढंच : ते युरिया मिसळलेलं पाणी आहे, डिझेलपेक्षा जड. डिझेलच्या टाकीत गेलं की तळाशी बसतं, आणि मोटर ओढते तळाचंच. तिथेही नियम तोच, किल्लीला हात नाही.

(दृश्य : मागची सीट उचललेली. टाकीवरचं गोल झाकण.)

टाकी रिकामी करायचं काम घरी करू नका, आणि नळी तोंडात धरून ओढू तर मुळीच नका. पेट्रोल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसांना इजा होते. शिवाय युरोपीय मानकाच्या डिझेलची वाफ 55 अंशांच्या आत पेट घेत नाही, पेट्रोलची मात्र उणे 40 अंशांनाही घेते. मिश्रणात पेट्रोल थोडं असलं तरी ते पेट्रोलइतकंच जपून हाताळायचं. जागा मोकळ्या हवेची, बॅटरी सुटी केलेली, डबा धातूचा आणि तारेने गाडीच्या बॉडीला जोडलेला, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. भरायच्या तोंडातून नळी बहुधा जातच नाही, आत झडप आडवी येते. म्हणून सीटखालचं झाकण काढून इंधनाची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटच्या जागेतून इंधन उपसतात. काही फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांची टाकी खोगिरासारखी, दोन पोटांची असते. एकच पोट उपसलं तर दुसऱ्यातलं पेट्रोल तसंच राहतं.

मग नवा फिल्टर, 10 लिटर ताजं डिझेल. हाय प्रेशर पंपाच्या आधीची नळी सोडायची, ती काचेच्या बरणीत धरायची आणि टाकीतली मोटर चालवायची, किंवा इंधन पुढे ढकलणारा हाताचा प्राइमर दाबायचा. बरणीत वासासकट निखळ डिझेल येईपर्यंत. गाडी चालूच झाली नसेल, तर काम जवळपास इथेच आटोपतं.

चालली असेल, तर हाय प्रेशर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती इंधन जायचं ते ठरवणारी झडप) काढून टॉर्चच्या उजेडात बघायचा. त्याच्या जाळीवर चंदेरी चमक दिसली, तर पंप गेला असं समजून पुढचा हिशोब करावा. जाळी स्वच्छ असेल तर इंजिन चालू करून स्कॅनरवर रेलचा मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब ताडून बघायचा. आयडलला, म्हणजे पायाने वेग न देता इंजिन चालू असताना, तो साधारण 250 ते 300 बार असतो आणि दोन्ही आकडे लगटून चालायला हवेत. इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतोय.

(दृश्य : कापलेला फिल्टर, घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर पसरलेला.)

आणि सगळं ठीक निघालं तरी 500 ते 1000 किलोमीटरनंतर नवा फिल्टर काढून असा कापायचा. पंप नंतर झिजायला लागला असेल, तर त्याचा भुगा परतीच्या नळीने टाकीत येऊन याच घड्यांमध्ये अडकतो. टॉर्च आडवा धरा, उजेड घडीच्या कडेने जाऊ द्या, आणि एकेक घडी बोटाने उघडत जा.