आधी नंबर सांगा

हे ठाणे अंमलदाराचं टेबल. फिर्याद इथे येते. एके काळी ती कार्बन पेपर घालून हाताने लिहायचे. आता सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत टाईप होते आणि प्रिंटरमधून बाहेर पडते. कागदाचा वरचा भाग पाहा. जिल्हा, पोलीस ठाणं, वर्ष आणि एक क्रमांक. हा गुन्हा रजिस्टर नंबर, बोलताना नुसता 'सीआर नंबर'. नवं वर्ष लागलं की तो पुन्हा 1 पासून सुरू होतो, म्हणून वर्षाशिवाय सांगितलेला नंबर निरुपयोगी. पुढे प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न हाच असतो: नंबर काय?

फिर्यादीला या प्रथम माहिती अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत फुकट मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय, आधीच्या कायद्यातही होतं. पण ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला, त्याने काय करायचं? आणि त्या रस्त्यावर राहणाऱ्या बाकीच्यांनी?

7 सप्टेंबर 2016 रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. गुन्हा नोंदवल्यापासून 24 तासांत एफआयआर संकेतस्थळावर टाकायचा. दुर्गम भागात, जिथे नेटवर्कच नाही तिथे, फार तर 72 तास. आरोपीने अर्ज केला, तर पोलिसांनी 24 तासांत प्रत द्यायची. स्वतः येणं शक्य नसेल, तर प्रतिनिधीला पाठवता येतं.

पडद्यावर आता महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल आहे. 'प्रकाशित एफआयआर' या पानावर जायचं. तारीख कुठपासून कुठपर्यंत, जिल्हा, पोलीस ठाणं, मग ती वेडीवाकडी अक्षरं. चुकली. पुन्हा. यादी उघडते, आणि एका ओळीवर क्लिक केलं की टेबलावरचा तोच कागद समोर येतो.

सगळे गुन्हे या यादीत नसतात, आणि नसायलाच हवेत. लैंगिक अत्याचार, पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), दहशतवाद यांसारख्या प्रकरणांचे एफआयआर टाकले जात नाहीत. मात्र एखादं प्रकरण संवेदनशील ठरवण्याचा अधिकार उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे, टेबलामागच्या हवालदाराला नाही. 'संवेदनशील आहे' असं तोंडी उत्तर मिळालं, तर तसं कुणी ठरवलं, एवढं जरूर विचारावं. त्यावर पोलीस अधीक्षकांकडे दादही मागता येते.

हा फलक आम्हाला शोधावा लागला. कपाटाची कड आणि जुनं पोस्टर यांच्या मधोमध. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचं, डिजिटल स्वरूपातही, असं त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 37 सांगतं. 1 जुलै 2024 पासून ते लागू आहे. 'ठळक' म्हणजे किती ठळक, ते कायद्यात नाही. कॅमेऱ्याला दिसतंय तेवढं.

पोलिसांचं काम एका टप्प्यावर संपतं आणि कागद न्यायालयात जातो. इथे ई-कोर्ट्सचं पान कामी येतं. जिल्हा, न्यायालय संकुल, मग ठाणं, एफआयआर नंबर आणि वर्ष. खटला उभा राहिला असेल, तर अक्षरं आणि आकडे मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक मिळतो, म्हणजे त्या खटल्याचा ओळख क्रमांक. पुण्यातल्या खटल्यांचा 'एमएचपीयू'ने सुरू होतो. शेवटचे चार आकडे वर्षाचे. तो मिळाला की पुढची तारीख, टप्पा, आदेश, सगळं त्याच पानावर. नावाने शोधता येतं, पण एकाच नावाची माणसं किती असतात! नंबरच बरा.

आरोपपत्र मात्र इथे सापडणार नाही. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये दिला. आम्हाला तो पटलेला नाही. निवडणुकीतल्या उमेदवाराला आपल्यावरचे खटले शपथपत्रात सांगावे लागतात आणि ते शपथपत्र कुणीही वाचू शकतो. मग इतरत्र पडदा एवढा जाड का?

एफआयआर म्हणजे दोषसिद्धी नाही. निर्दोष सुटलेल्याचं नावही शोधात येतं, आणि घर किंवा नोकरी देणारे तेवढंच वाचून थांबतात.

शेवटची खिडकी नक्कल विभागाची. पडद्यावरची प्रत माहितीपुरती. अपिलासाठी शिक्क्याची लागते. अर्ज, कोर्ट फीचा स्टॅम्प, खटल्याचा क्रमांक. प्रकरणाशी संबंध नसलेल्याला कारण लिहून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. प्रत हातात आली की ती उलटी करून पाहा: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखा हाताने भरलेल्या असतात. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वगळतात, आणि ते याच तारखांवरून. त्या कोऱ्या असतील, तर खिडकीवरून हलू नका.