पावसातलं फूजी रॉक

नमस्कार श्रोतेहो. जुलैच्या अखेरीस जपानला जायचा योग आला आणि गिटारच्या दणदणाटाचं वावडं नसेल, तर फूजी रॉक या संगीत महोत्सवासाठी तीन दिवस राखून ठेवा. फूजी पर्वताचे फोटो काढायचा बेत मात्र वेगळा आखा. हा महोत्सव भरतो नीगाता प्रांतात, नाएबाच्या स्कीइंगच्या उतारांवर, आणि तिथून फूजी बराच लांब आहे.

नाव चिकटलं ते १९९७ साली. मासाहिरो हिदाका या आयोजकाने पहिला महोत्सव खरोखरच फूजीच्या परिसरात, तेनजिनयामाला भरवला, आणि नेमकं तेव्हाच चक्रीवादळ येऊन धडकलं. टोकियोहून आलेल्या पुष्कळ पोरांकडे साधा रेनकोटही नव्हता. चिखल, बोचरा वारा. लोक थंडीने अक्षरशः गारठून पडले. रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकन रॉक बँडचा गायक अँथनी कीडिस मोडलेला हात गळ्यात बांधून त्या पावसात गायला. दुसरा दिवस रद्द करावा लागला. पुढच्या वर्षी मुक्काम टोकियोत हलला आणि १९९९ पासून नाएबात स्थिरावला.

जपानी माणूस उपजतच शिस्तीचा, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. मला ते अर्धंच पटतं. आज नाएबात गुडघ्यापर्यंतचे गमबूट घातलेली, पाठीवरच्या पिशवीत कोरडे मोजे ठेवणारी जी मंडळी दिसतात, त्यांच्या तयारीमागे तो भिजलेला पहिला दिवस आहे. कचऱ्याच्या डब्यांशी स्वयंसेवक उभे असतात. बाटली वेगळी, तिचं झाकण वेगळं, हे ते प्रत्येकाला न कंटाळता सांगतात. शिस्त अशी, माणसं उभी करून, लावावी लागते.

आपल्याला पावसाचं काय कौतुक, असं वाटेल. पण कोकणातला पाऊस उबदार असतो. नाएबात रात्री ओल्या अंगाने उभं राहिलात तर दात वाजतील. आणि मंचासमोर छत्री उघडायला मनाई आहे! चांगला रेनकोट हवाच.

टोकियोहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने एचिगो-युझावा स्टेशन सव्वा-दीड तासात येतं, पुढे महोत्सवाची बस. ग्रीन स्टेज सर्वांत मोठा. व्हाइट स्टेज आणि त्याही पलीकडचं फील्ड ऑफ हेवन गाठायला रानातून चालत जावं लागतं, म्हणून दिवसाला दोन-तीनच कार्यक्रम नक्की करा, बाकीचे वाटेत कानावर पडतील ते. थोरामोठ्यांच्या गर्दीत रूकी ए गो-गो हा नवख्या बँडांचा छोटा मंच चुकवू नका. ड्रॅगनडोला हा साडेपाच किलोमीटरच्या रोपवेचा पाळणा डोंगरमाथ्यावर नेतो. त्यासाठी सकाळच बरी.

श्रोत्यांबद्दल एक. गाणं संपलं की टाळ्या, आणि मग पुढचं सुरू होईपर्यंत अशी शांतता की परदेशी गायक गोंधळतात. लोक कंटाळलेले नसतात, पुढचं ऐकायला थांबलेले असतात. मागच्या बाजूला चटया आणि घडीच्या खुर्च्या टाकून निवांत बसलेली कुटुंबं पाहून मला पुण्याच्या सवाई गंधर्वचा मांडव आठवला.

शाकाहारी मंडळींनी जरा जपून. साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो, तेव्हा विचारूनच घ्या.

आणि जमलं तर गुरुवारीच पोहोचा. महोत्सव शुक्रवारी सुरू होतो, पण आदल्या संध्याकाळी तिकिटाशिवाय आत सोडतात. तिथे बोन ओदोरी हा पारंपरिक फेर धरतात, फटाके उडतात. पावलं सोपी आहेत. पुढच्याचं बघून दोन फेऱ्यांत जमतात.