टायटॅनियमवर हिऱ्याचा थर

(दृश्य: कृत्रिम खुब्याचा गोळा, जवळून)

निवेदन: 90 टक्के टायटॅनियम, 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम. हा मिश्रधातू हलका, शरीराला मानवणारा, पण घर्षणात कच्चा. सांध्यात झिजेचे कण साठले की भोवतालचं हाड खंगतं आणि रोपण हलू लागतं. म्हणून घासणाऱ्या पृष्ठभागावर हिऱ्याचा थर चढवण्याचा खटाटोप.

(दृश्य: अल्ट्रासोनिक टाकी)

हिरा उगवायला आधी बी पेरावं लागतं. पॉलिश करून स्वच्छ धुतलेला तुकडा सुमारे 5 नॅनोमीटरचे हिऱ्याचे कण मिसळलेल्या द्रवात अल्ट्रासोनिक टाकीत ठेवतात. पेरणी विरळ झाली, तर हिरा बेटाबेटांनी वाढतो आणि मधे सूक्ष्म छिद्रं राहतात.

(दृश्य: निर्वात कक्षातला प्लाझ्मा)

कक्षात बहुतांश हायड्रोजन, मिथेन जेमतेम 1 टक्का. 2.45 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हने प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, पेटतो. मिथेन कार्बन पुरवतो. सुटा हायड्रोजन सोबत जमणारं ग्रॅफाइट खरवडून काढतो. पण हाच हायड्रोजन टायटॅनियममध्ये मुरतो, हायड्राइड बनतं आणि धातू ठिसूळ होतो.

खरी परीक्षा थंड होताना. दर अंशाला टायटॅनियम दहा लाखात सुमारे 9 भाग आकसतं, हिरा जेमतेम 1. 800 अंशांवरून खाली येताना थरावर 6 गिगापास्कलच्या आसपास दाब येतो. पकड कमी पडली की पोपडे निघतात. 600 अंशांवर काम केलं तर ताण घटतो, पण वाढ मंदावते. रोपणासाठी आम्ही ही मंद वाट पत्करण्याच्या बाजूचे आहोत. धातू आणि हिरा यांच्यामधे टायटॅनियम कार्बाइड आपोआप तयार होतं. पातळ असेल तर पकड देतं, जाड झालं की तिथूनच तडकतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली दाबखूण)

ताण रामन वर्णपटात, म्हणजे थरावरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या वर्णपटात, दिसतो: हिऱ्याची 1332 प्रति सेंटीमीटरची रेषा वर सरकते. पकड तपासायला कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्राचा शंकू 150 किलोच्या भाराने दाबतात. खुणेभोवती केसासारख्या चिरा आल्या तरी चालतात. कडेचा थर उडाला, तर तुकडा बाद.

कोरडी चाचणी मात्र पुरेशी नाही. 1990 च्या दशकात युरोपात हिरासदृश कार्बनचा (हिऱ्यासारखा कठीण, पण स्फटिकरूप नसलेला कार्बन) लेप दिलेले टायटॅनियमचे खुब्याचे गोळे बसवले गेले. लेपातल्या छिद्रांतून शरीरद्रव आत शिरला, खालचा थर गंजला, लेप सुटला. अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणून तुकडे 37 अंशांच्या क्षारद्रावणात आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवावेत आणि मगच शंकू पुन्हा दाबावा.