पहाटे सव्वाचारची लढाई

श्रोतेहो, सलाम.

आजच्या भाषणाचा विषय आध्यात्मिक युद्ध हा आहे. हे शब्द ऐकताच आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर एखादा मांडव, त्याच्या चारही कोपऱ्यांना लावलेले कर्णे आणि कोणाच्या तरी डोक्यावर हात ठेवून ओरडणारा उपदेशक उभा राहिला असेल. मला त्या मांडवाविषयी बोलायचे नाही. आमच्या घरामागच्या नळाजवळ पहाटे सव्वाचार वाजता जे घडत होते त्याविषयी बोलायचे आहे, परंतु तेथे जाण्यापूर्वी बायबलच्या वचनाकडे थोडे पाहू.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही. पुन्हा सांगतो, रक्तमांसाबरोबर नाही. ज्याला नाव आहे, चेहरा आहे, ज्याच्या घरी आपण नाताळात करंज्यांचे ताट पाठवतो, तो माणूस आपला शत्रू नव्हे. हे लिहिणारा स्वतः बेड्यांत होता, हे ध्यानात घ्यावे. ज्या इफिसच्या लोकांना तो हे लिहितो, त्यांना भुताखेतांची भीती नवीन नव्हती. विश्वास ठेवल्यावर तेथल्या लोकांनी आपली जादूटोण्याची पुस्तके सर्वांदेखत आणून जाळली आणि त्यांची किंमत चांदीची ५०,००० नाणी एवढी भरली, असे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नमूद आहे. अशा लोकांच्या हाती पौल काय देतो? ताईत देत नाही, मंत्र देत नाही. सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण, देवाचे वचन आणि प्रार्थना, म्हणजे घरात रोज लागणाऱ्या गोष्टी देतो, आणि त्यांनाच शिरस्त्राण, ढाल अशी नावे देऊन देवाची शस्त्रसामग्री म्हणतो.

येथे माझे एक मत सांगून टाकतो, कोणाला रुचो वा न रुचो. मधुमेहाची गोळी आठ दिवस चुकवल्यामुळे साखर वाढली तर त्यात सैतानाचे नाव घेण्याचे कारण नाही, आणि ज्याचे मन आजारी आहे त्याला डॉक्टरांकडे न नेता मांडवात नेणे हा विश्वास नव्हे. प्रार्थना अवश्य करावी, परंतु गोळीही घ्यावी.

आता नळाकडे येतो. वडिलांच्या घराची आम्हां दोघा भावांत वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत आली, हौद दोन झाले, मोटारी दोन झाल्या, पण नळजोडणी मात्र एकच राहिली. आमच्या भागात पाणी दिवसाआड येते आणि तेही पहाटे सव्वाचारला. थोरल्या बंधूंची मोटार सुरू झाली की माझ्या हौदातली धार करंगळीएवढी होते. काही वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या अखेरीस, एके दिवशी मी उठण्याआधीच त्यांची मोटार सुरू झाली आणि पाणी जाईपर्यंत बंद झाली नाही. मी अंधारात रिकाम्या हौदापाशी उभा होतो आणि माझ्या मनात एकच शब्द आला, ‘मुद्दाम’.

श्रोतेहो, या शब्दाकडे लक्ष द्यावे, कारण त्याला त्या दिवशी कशाचाही आधार नव्हता. मी विचारले नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते. तरीही न्याहारीपर्यंत तो माझ्या मनात मुरला आणि आठवडाभरात त्याने पुरावे गोळा करण्यास आरंभ केला. वहिनींनी शेवग्याच्या शेंगा शेजारी दिल्या आणि आमच्याकडे दिल्या नाहीत, मुद्दाम. दादा उपासनेत पलीकडच्या बाकावर बसला, मुद्दाम. मी बोलणे टाकले. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन घेतले, दादाही तीन माणसे सोडून गुडघे टेकून होता, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

याच दिवसांत नाताळच्या कार्यक्रमासाठी रविवारच्या शाळेतील मुलांकडून देवाच्या शस्त्रसामग्रीचे दृश्य बसवून घेण्याचे काम पाळकसाहेबांनी माझ्याकडे सोपवले. शिपाई होण्यासाठी सर्वांत धिप्पाड मुलगा निवडला गेला तो दादाचा, म्हणजे माझा पुतण्या. शिरस्त्राणासाठी प्लास्टिकचे पातेले मिळाले, उरस्त्राणासाठी, म्हणजे छातीवरच्या चिलखतासाठी, चंदेरी कागद मिळाला. उरस्त्राण हा शब्द त्या मुलांपैकी एकालाही नीट उच्चारता आला नाही, आणि तेव्हा मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली, ज्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात बसून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खे बायबल उतरवण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. आपण मात्र व्यासपीठावर चढलो की अवघड शब्दांची हौस भागवून घेतो. असो.

अडचण आली ती ढालीची. पौलाने ढालीसाठी वापरलेला ग्रीक शब्द दरवाजा या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. ती ताटाएवढी गोल ढाल नव्हे. पॉलिबियस या इतिहासकाराने रोमन शिपायाच्या ढालीचे वर्णन केले आहे त्याप्रमाणे ती सुमारे ४ फूट उंच व अडीच फूट रुंद असे, लाकडाचे दोन थर चिकटवून त्यांवर कापड आणि वासराचे कातडे ताणलेले असे. एवढ्या मापाचा पुठ्ठा म्हणजे फ्रिजचे खोके, आणि त्या वर्षी आमच्या आळीत नवीन फ्रिज एकाच घरी आला होता, भिंतीपलीकडे. मी वह्यांचे पुठ्ठे जोडून पाहिले, पण दादाच्या दारी गेलो नाही.

सरावाच्या वेळी मी मुलांना सांगत होतो की विश्वासाच्या ढालीने त्या दुष्टाचे जळते बाण विझवायचे असतात. पुतण्याने हात वर केला आणि विचारले, “काका, बाण दिसतच नाहीत, मग ढाल धरायची कुठे?” मुले हसली. मला उत्तर सुचले नाही. घरी परतताना मात्र सुचले, आणि ते मला आवडले नाही, कारण तेवीस दिवसांपूर्वी हौदापाशी तो बाण मला लागला होता आणि मी तो विझवण्याऐवजी रोज पहाटे उठून फुंकर घालीत होतो.

मी तसाच दादाच्या अंगणात गेलो. दिवस मावळत आला होता. दादा खाली बसून फ्रिजचे खोके सुरीने कापीत होता. मुलाने त्याला केव्हाच सांगितले होते. आत धरण्यासाठी त्याने जुना कमरपट्टा रिबिटने बसवून ठेवला होता. मी उभा राहिलो आणि प्रस्तावना न करता विचारले, “दादा, मोटार तू मुद्दाम लावत होतास का?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पहिल्या दिवशी नाही. तुझ्या वहिनीला रात्रभर ताप होता, पाणी भरून तिला दवाखान्यात न्यायचं होतं, त्या गडबडीत बंद करायची राहिली. तू बोलणं टाकलंस, त्यानंतर दोनदा मात्र मुद्दाम लावली.”

घरात आजारी माणूस होते आणि मला भिंतीअलीकडे पत्ता नव्हता. दादा म्हणाला, “धर इकडून.” पुठ्ठा घडीवर वाकत होता, म्हणून आम्ही आणखी एक थर घेतला आणि वहिनींनी शिजवून दिलेल्या खळीने दोन्ही थर चिकटवले, पॉलिबियसला माहीत नसलेल्या पद्धतीने.

श्रोतेहो, वेळ संपत आली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की आपण रागात असताना सूर्य मावळू नये आणि सैतानाला वाव देऊ नये. वाव म्हणजे जागा. माझे तेवीस सूर्य मावळले होते, आणि त्या जागेत पहिल्या दिवशी जे खोटे होते ते पुढे दोनदा खरे करून दाखवले गेले. ज्या तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, त्या तुकोबांनी रात्रंदिवस चालणाऱ्या युद्धात बाहेरच्या जगाबरोबर मनालाही उभे केले आहे. माझ्या बाबतीत जगाने एक मोटार चालू ठेवली होती. बाकीचे सर्व मनाने केले. झगडणे रक्तमांसाबरोबर नाही, हे मी तिसऱ्यांदा सांगतो आहे आणि त्यातले दोन वेळा स्वतःला.

आता मोटारीच्या पाळ्या ठरल्या आहेत, वीस मिनिटे दादाची आणि वीस माझी, आणि ज्याची पाळी आधी तो दुसऱ्याच्या खिडकीवर टकटक करतो. उद्या पाण्याचा दिवस आहे आणि पहिली वीस मिनिटे आमची आहेत, तेव्हा मला लवकर झोपले पाहिजे. सलाम.