अडलेला घास आणि 'पोएम'ची भीती (निवेदन, फायनल कट)

(बेदाण्याचं शेड, जाळीवर पसरलेली द्राक्षं, आक्कांचे हात)

तासगाव भागातलं हे बेदाण्याचं शेड. जेवणाची सुट्टी झालीय, सगळ्या बायका डबे उघडून गोलात बसल्यात आणि या आक्का बघा, उभ्यानं जेवतायत. भाकरी ताकात पार कालवलेली, एक घास, त्यावर दोन घोट पाणी, मग हात वर करून छाती ताणायची, थोडं चालायचं, तेव्हा कुठं तो घास खाली सरकतो. नाहीतर परत वर येतो, खाल्ला तसाच, कारण पोटापर्यंत तो गेलेलाच नसतो.

(इथे निवेदन नको. आक्का पाण्याचा तांब्या उचलतात तो शॉट पूर्ण राहू दे.)

कित्येक वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. एका ठिकाणी दुर्बीणसुद्धा घातली, रिपोर्ट नॉर्मल, टेन्शन घेऊ नका म्हणाले. आता या आजाराची गंमत अशी की सुरुवातीला दुर्बिणीत खरंच काही दिसत नाही, त्यामुळं पेशंटलाच वेड्यात काढतात. शेवटी मिरजेत एका डॉक्टरांनी बेरियम, म्हणजे पांढरं औषध पाजून काढायचा एक्स-रे, करायला सांगितलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, १८९४ ला वानलेस साहेबांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून पार बेळगाव-विजापूरकडनं लोक इथं येतात.

ही ती फिल्म. पांढरं दिसतंय ते बेरियमचं औषध, आक्कांनी उभं राहून प्यायलंय. वरती अन्ननलिका फुगून रुंद झालीय आणि खाली एकदम निमुळती, चोचीसारखी. पाच मिनिटांनी काढलेली ही दुसरी फिल्म, औषध अजून तिथंच. याला अकॅलेशिया म्हणतात. अन्ननलिका जिथं पोटाला मिळते तिथं स्नायूचं एक कडं असतं, घास आला की ते सैल पडायला पाहिजे. त्याला 'सैल हो' सांगणाऱ्या नसाच मरून जातात, कडं आवळलेलंच राहतं आणि वरची नळीही नीट ढकलत नाही. लाखात वर्षाला साधारण एक नवा पेशंट. सांगली जिल्हा २०११ च्या जनगणनेत २८ लाखांचा, म्हणजे हिशेबानं वर्षाला पंचवीस-तीस जण आपल्याच आसपास, आणि त्यातले किती जण अजून ॲसिडिटीची गोळी खातायत कुणास ठाऊक.

मेलेल्या नसा परत येत नाहीत, त्यामुळं उपाय एकच, ते कडं ढिलं करायचं. १६७४ साली इंग्लंडमध्ये थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरनं देवमाशाच्या हाडाला स्पंज लावून ते पेशंटच्या घशातून खाली ढकलायला दिलं होतं. १९१३ ला जर्मनीत हेलरनं ऑपरेशन करून बाहेरच्या बाजूनं स्नायू कापला, तेच ऑपरेशन आज पोटाला छोटी भोकं पाडून होतं. फुगा घालून ताणायचं हाही एक मार्ग आहे. २००७ मध्ये पंकज पसरिचा आणि त्यांच्या टीमनं डुकरांवर दाखवलं की आतूनच, तोंडातून दुर्बीण घालून, स्नायू कापता येतो, आणि पुढच्याच वर्षी जपानमध्ये योकोहामाला डॉ. हारुहिरो इनोउए यांनी ते माणसावर केलं. त्याचं नाव पोएम, म्हणजे पर-ओरल एंडोस्कोपिक मायोटॉमी.

आक्कांच्या थोरल्याचा प्रश्न एकच होता, "आतनं कापायचं म्हणताय, नळीला भोक पडलं तर?" बरोबर प्रश्न आहे, कारण अन्ननलिका छातीत, हृदयाच्या मागं असते आणि तिथं लीक झालं तर इन्फेक्शन जिवावर बेतू शकतं. तर उत्तर इथं बघा, पुण्यात, आक्कांच्याच पोएममध्ये.

(पुण्याचं ऑपरेशन थिएटर, मॉनिटरचं रेकॉर्डिंग)

आधी तयारी. ऑपरेशनआधी फक्त पातळ आहार, कारण नळीत साचलेलं अन्न गुंगीत फुप्फुसात उतरलं तर तोच मोठा धोका. म्हणून पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत वेगळी नळी. आता हे निळं दिसतंय ते निळं औषध घातलेलं सलाईन, आतल्या अस्तराखाली सोडलंय, अस्तर वर उचललं गेलं. त्याला साधारण दोन सेंटिमीटरचा छेद. आणि आता दुर्बीण त्या छेदातून आत, अस्तर आणि स्नायू यांच्या मधे, नेफ्यात नाडी ओवतात तशी, खाली खाली पोटापर्यंत. रक्तवाहिनी आली, बघा, आधी ती जाळून बंद केली, मग पुढं. बोगदा झाल्यावर स्नायू कापायला सुरुवात, पोटाच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर जास्तीचा.

यातली सगळी हुशारी अशी, की छेद वर आहे आणि कापलेला स्नायू बराच खाली. दोन्ही एका रेषेत नाहीत. स्नायू आरपार कापला गेला तरी त्याच्यावर अस्तर अखंड, आणि वरचं तोंड शेवटी क्लिपांनी बंद. एक, दोन, तीन... या क्लिपा नंतर आपोआप गळून शौचातून जातात.

मधे एक गोष्ट घडली, ती आम्ही कापली नाही. पोट फुगलं, दिसतंय का? बोगद्यात सोडलेला गॅस जठराबाहेर, पोटाच्या पोकळीत गेला. डॉक्टरांनी पोटाला सुई लावली, सिरिंजमधल्या पाण्यात बुडबुडे आले, पोट बसलं. हे होतंच बऱ्याचदा. म्हणूनच साधी हवा वापरत नाहीत, कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो रक्तात पटकन शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो.

आकडेच पाहिजे असतील तर २०१९ ला युरोपातल्या २२१ पेशंटचा अभ्यास छापून आला, अर्ध्यांना पोएम, अर्ध्यांना पोटावरचं ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्हीकडं शंभरातल्या ८२-८३ जणांचा त्रास आटोक्यात. गंभीर गुंतागुंत पोएममध्ये २.७ टक्के, दुसरीकडं ७.३. शून्य नाही, पण थोरला घाबरला होता तेवढं तर नक्कीच नाही. अर्थात हे सगळं सरावलेल्या हातांचं काम, म्हणून डॉक्टरांना तुम्ही आजवर किती केलीत हे बिनधास्त विचारायचं, आम्हीही कॅमेऱ्यासमोर विचारलं.

(दुसऱ्या दिवशीची फिल्म, मग आक्का आणि वाटी. म्युझिक नको.)

लीक नाही. औषध सरळ खाली.

आणि हो, कडं ढिलं झालं की ॲसिड वर यायला वाट मोकळी होते, त्याच अभ्यासात दोन वर्षांनी पोएमवाल्या शंभरातल्या ४४ जणांच्या अन्ननलिकेत ॲसिडची सूज दिसली, ऑपरेशनवाल्यांत २९, बहुतेकांचं गोळीवर भागतं. आक्कांना सकाळी उपाशीपोटी एक गोळी चालू आहे, कॉटच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्यात, आणि परत दुर्बिणीची तारीख फाइलवर लिहून दिलीय.